ग्रेहाउंडमधला ‘ग्रे’ करडा नव्हे

ग्रेहाउंड या नावातल्या ‘ग्रे’चा रंगाशी संबंध नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण शाळा-कॉलेजांच्या प्रश्नमंजूषांत आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या ‘शब्दांच्या गमतीं’त ‘करड्या रंगाचा शिकारी कुत्रा’ हाच अर्थ ठोकून दिलेला असतो. ठाण्यात उपवन तलावाच्या काठी सकाळी फिरायला आणलेल्या कुत्र्यांत ग्रेहाउंड दिसणं अवघडच, त्यामुळे खातरजमा करायला जनावरही समोर नसतं. समोर असतं तर पहिली शंका तिथेच आली असती. ग्रेहाउंड काळे असतात, पांढरे असतात, तांबूस, फिकट पिवळसर, पट्टेरी, ठिपक्यांचे असतात. ब्रिटनच्या केनेल क्लबने या जातीसाठी मान्य केलेल्या रंगांच्या यादीत ‘ग्रे’ हा शब्दच नाही. कुत्रं करडं असेल तर त्याला तिथे ‘ब्लू’ म्हणतात.

पण रंगांची यादी म्हणजे पुरावा नव्हे. एखाद्या जातीतले पहिले कुत्रे करडे होते आणि नाव चिकटून राहिलं, असं कुणीही म्हणू शकतो. पुरावा लागतो तो जुन्या स्पेलिंगचा, आणि इथे तो अगदी चोख आहे.

जुनी इंग्रजी म्हणजे साधारण इ.स. ११५० पर्यंतची भाषा. तिच्यात या कुत्र्याला ‘ग्रीगहुंड’ म्हणत. यातला दुसरा ग लिहायचा ग, बोलायला तो जवळपास य. त्याच काळात करड्या रंगाला शब्द होता ‘ग्रॅग’, त्यातला स्वर लांब. दोन्ही शब्द एकाच काळातले, एकाच लिपीत लिहिलेले, आणि स्वर वेगळे. कुत्र्याचं नाव रंगावरून पडलं असतं तर ते ‘ग्रॅगहुंड’ असं लिहिलेलं मिळायला हवं होतं. मिळतं ते ग्रीगहुंड. लेखनिकाचा हात घसरला असेल म्हणावं, तर शेजारची भाषा आडवी येते.

ती शेजारची भाषा म्हणजे जुनी नॉर्स. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसले आणि आपले शब्द तिथे सोडून गेले. नाइफ, एग, स्काय, विंडो हे नेहमीचे इंग्रजी शब्द त्यांचेच. त्यांच्या भाषेत या कुत्र्याला ‘ग्रेयहुंद्र’ म्हणत, आणि करड्या रंगाला म्हणत ‘ग्रार’. म्हणजे रंग आणि कुत्रा यांची गल्लत नॉर्समध्ये होण्याची सोयच नव्हती. रंगावरून नाव पडलं असतं तर तिथे ‘ग्राहुंद्र’ झालं असतं.

आता ग्री आणि ग्रेय हे एकच आहेत कशावरून? भाषांची तुलना करताना एका जोडीवर कधीच भिस्त ठेवायची नाही, तीच अदलाबदल आणखी जोड्यांत दिसते का ते पाहायचं. बेटाला जुन्या इंग्रजीत ‘ईग’ आणि नॉर्समध्ये ‘एय’. गवताच्या पेंढ्याला इंग्रजीत ‘हीग’, नॉर्समध्ये ‘हेय’. ऐकणे या क्रियापदाला इंग्रजीत ‘हीरान’, नॉर्समध्ये ‘हेयरा’. जिथे इंग्रजीच्या पश्चिमी बोलीत ई, तिथे नॉर्समध्ये एय. ग्रीग आणि ग्रेय त्याच रांगेत बसतात. जाता जाता: बेटाचा तो ‘ईग’ आजच्या इंग्रजी ‘आयलंड’मध्ये आहे. त्या स्पेलिंगमधला न उच्चारला जाणारा एस लॅटिनकडून आलेल्या दुसऱ्याच शब्दाच्या नादाने घुसवलेला आहे. नॉर्स ‘एय’ पाहायचा असेल तर ऑर्कनी बेटांच्या नावाचं शेपूट पाहा.

मग ‘ग्रेय’ म्हणजे काय? कुत्री. मादी कुत्रा. आणि अर्थातच शिवीही. याचा सगळ्यात झणझणीत दाखला आइसलंडचा आहे. इ.स. १००० च्या उंबरठ्यावर तिथे ख्रिस्ती धर्म येऊ घातला होता. ह्याल्ती स्केग्यासोन नावाच्या माणसाने तिथल्या लोकांची सभा भरायची त्या जागी दोन ओळी म्हटल्या, त्यात ‘फ्रेया’ या देवीला ‘ग्रेय’ म्हटलं. ‘गेया’ (भुंकणे, निंदा करणे) आणि फ्रेया असं यमकही जुळलं होतं. देवनिंदेबद्दल त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. शब्दाचा अर्थ करडा असता तर कुणी हद्दपार झालं नसतं. आजच्या आइसलंडिक भाषेत हा शब्द मवाळ झाला आहे, ‘ग्रेयिद’ म्हणजे ‘बिच्चारा’.

म्हणजे ग्रेहाउंड हा शब्द फोडला तर हाती येतं ‘कुत्री-कुत्रा’. ऐकायला विचित्र वाटतं खरं, पण मराठी माणसाला विचित्र वाटायचं कारण नाही. आपण रोज बाजारहाट करतो. बाजार फारसी, हाट संस्कृत ‘हट्ट’वरून आलेला, दोघांचा अर्थ एकच. कागदपत्रं, धनदौलत हे त्याच घडणीचे. एक शब्द जुना किंवा परका झाला, त्याचा अर्थ पुसट झाला, की भाषा त्याला रोजच्या वापरातला शब्द जोडून देते. ग्रेयच्या बाबतीत तेच घडलं. जर्मनमध्ये तर हुबेहूब तसंच आहे: तिथे याच बांध्याच्या कुत्र्याला आधी नुसतं ‘विंट’ म्हणत. पुढे ते पुरेसं कळेना म्हणून ‘हुंड’ जोडला आणि ‘विंडहुंड’ झाला. आता जर्मन माणसाला वाटतं की वाऱ्यासारखा धावतो म्हणून विंड. इंग्रजांना रंग दिसला, जर्मनांना वारा दिसला, दोघांचा मूळ शब्द मेलेला.

शालेय व्याकरणाच्या भाषेत सांगायचं तर सगळे ग्रेहाउंडला नीलकमलसारखा कर्मधारय समजतात, आणि तो निघतो बाजारहाटच्या घरातला.

‘ग्री’चा ‘ग्रे’ कसा झाला

जुन्या इंग्रजीतला लांब ‘ई’ पंधराव्या-सोळाव्या शतकांच्या आसपास ‘आय’ झाला. राइड, माइन, टाइम हे सगळे आधी ‘ई’चे होते. त्या हिशेबाने ग्रीगहुंडचा आज ‘ग्रायहाउंड’ व्हायला हवा होता. तो झाला नाही, कारण मधल्या काळात लिहिलेली रूपं ग्रेहुंड, ग्रेइहुंड अशी आहेत, आणि ती नॉर्स उच्चाराच्या वाटेने आलेली मानतात. तोवर रंगाचा ग्रॅगही घासून ‘ग्रे’ झाला होता. दोन वेगळ्या शब्दांचे उच्चार एका ठिकाणी आले आणि ओळखीच्या शब्दाने अनोळखी शब्दाला गिळलं.

अर्थ हरवला की लोक नवे अर्थ बसवतात, तसे यालाही बसवले गेले. जुन्या इंग्रजी-स्कॉट्समध्ये ‘ग्रू’ म्हणजे ग्रीक, आणि या कुत्र्यालाही ‘ग्रूहुंड’ लिहीत, म्हणून काहींनी याला ग्रीसचा कुत्रा ठरवलं. त्याहून पंडिती थाटाचं स्पष्टीकरण जॉन कीज या डॉक्टरचं. त्याने १५७० साली इंग्लंडच्या कुत्र्यांवर लॅटिनमध्ये एक पुस्तिका लिहिली, १५७६ साली ती इंग्रजीत आली. त्यात तो म्हणतो की ‘ग्रे’ म्हणजे पायरी, दर्जा, लॅटिन ‘ग्रादुस’वरून. सगळ्या कुत्र्यांत याचा दर्जा वरचा म्हणून ग्रेहाउंड. त्या काळी ‘ग्रे’ शब्दाचा दर्जा असा अर्थ खरोखर होता, त्यामुळे मुद्दा बनावट वाटत नाही. पण तो शब्द फ्रेंचमधून आलेला, अकराव्या शतकात फ्रान्सकडून नॉर्मन लोक आल्यानंतरचा, आणि ग्रीगहुंड त्यांच्या आधीचा. तारखेपुढे हे स्पष्टीकरण टिकत नाही. (या कीजचं आडनाव स्पेलिंगप्रमाणे वाचलं तर ‘कायस’ होतं. केंब्रिजचं त्याच्या नावाचं कॉलेजही ‘कीज’च.)

मुद्रितशोधन करणाऱ्यांसाठी एक उपयोगी गोष्ट. अमेरिकेत रंगाचा ‘ग्रे’ ए अक्षर घालून लिहितात, ब्रिटनमध्ये ई घालून. कुत्र्याचं नाव मात्र दोन्हीकडे ईनेच. अमेरिकेतल्या त्या प्रसिद्ध बस कंपनीचं नावही ईनेच आहे. इंग्रजी मजकूर अमेरिकी स्पेलिंगमध्ये आणताना ‘सगळीकडे बदला’ हे बटण दाबलं की कुत्र्याचंही स्पेलिंग बिघडतं, तेवढं हाताने तपासावं.

स्वतः तपासायचं तर

अशा सामासिक नावाचं मूळ शोधायला अर्धा-पाऊण तास पुरतो, साधनं बहुतेक फुकट आहेत. मात्र क्रम पाळावा लागतो.

आधी शब्दाचं शेवटचं पद पाहा. इंग्रजी समासात मुख्य पद शेवटी असतं, म्हणून वूल्फहाउंड हा हाउंड, वूल्फ नव्हे. मग सगळ्यात जुनी लिखित रूपं आणि त्यांचे काळ काढा. जुन्या इंग्रजीसाठी बॉसवर्थ-टॉलरचा कोश नेटवर खुला आहे. तिथे दीर्घ स्वरावर रेघ असते. मधल्या काळासाठी मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश आहे, तोही खुला. तिथे आजचं स्पेलिंग टाकून थांबू नये, एकेका शब्दाची दहा-पंधरा रूपं असतात, तेव्हा निदान तीन-चार तऱ्हेने शोधावं. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला पैसे पडतात.

तिसरी पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात: ज्या शब्दावरून नाव आलं असं वाटतं, त्या शब्दाचंही त्याच काळातलं रूप काढायचं. ग्रेहाउंडचं १००० सालचं रूप आणि ‘ग्रे’चं आजचं रूप यांची तुलना व्यर्थ. दोन्ही १००० सालची हवीत. त्यानंतर शेजारच्या भाषांत पाहायचं, आणि अर्थाकडे सगळ्यात शेवटी वळायचं. अर्थापासून सुरुवात केली की कुठलीही गोष्ट जुळवता येते.

कोश वाचतानाच्या दोन ठेचा ठरलेल्या. रूपाआधी चांदणी (*) असेल तर ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, तुलनेने बांधलेलं आहे. नेटवरच्या लेखांत चांदणी गळते आणि बांधलेलं रूप ‘प्राचीन शब्द’ म्हणून मिरवतं. दुसरी म्हणजे ‘पडताळा’ अशा अर्थाची खूण (cf.). तिच्यापुढे दिलेला परभाषेतला शब्द हा भाऊबंद असतो, बाप नव्हे. ‘इंग्रजी शब्द जर्मनवरून आला’ अशा वाक्यांतली बरीचशी या खुणेच्या चुकीच्या वाचनातून जन्मलेली असतात.

हीच रीत घरच्या नावाला लावून पाहा. ठाणे म्हणजे चौकी, पोलीस ठाण्यासारखी, कुठल्यातरी साहेबाने इथे ठाणं दिलं म्हणून ठाणे, असं कुणी म्हणालं तर पटकन पटेल. पण शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत हे गाव ‘श्रीस्थानक’ आहे, साहेब यायच्या कित्येक शतकं आधी. पोलीस ठाण्यातलं ठाणं आणि गावाचं ठाणे हे दोन्ही ‘स्थान’चेच, म्हणून गल्लत सोपी, पण एकावरून दुसरं आलेलं नाही.

दिसतं तेच खरं असतं तेव्हा

प्रत्येक नावात असं काही दडलेलं असेल म्हणून खोदत बसलं तर उलटी चूक होते. ब्लडहाउंड घ्या. रक्ताचा माग काढणारा कुत्रा, एवढंच. चौदाव्या शतकापासून हा शब्द सापडतो आणि कीजनेही हाच अर्थ दिला आहे: जखमी जनावराच्या सांडलेल्या रक्तावरून हा माग काढतो. पुढे एकोणिसाव्या शतकात शुद्ध जातीच्या कुत्र्यांचं वेड वाढल्यावर कुणीतरी म्हणू लागलं की इथे ब्लड म्हणजे ‘उच्च रक्त’, खानदानी पैदास. आजही कुत्र्यांच्या बऱ्याच माहितीपत्रकांत हे छापलेलं असतं. पण उमद्या पैदाशीच्या जनावराला अशा अर्थाने ‘ब्लड’ जोडण्याची पद्धत, म्हणजे ‘ब्लड हॉर्स’ वगैरे, शब्द तयार झाला त्याच्या शेकडो वर्षांनंतरची. शिवाय चौदाव्या शतकातल्या शिकाऱ्याला कुत्र्याच्या वंशावळीपेक्षा कामाचं पडलेलं होतं. कामावरून नाव द्यायची तेव्हाची चालच होती: माग काढणाऱ्या कुत्र्याला फ्रेंच लोक ‘लिमिए’ म्हणत, कारण त्याला दोरीला बांधून पुढे चालवायचे.

याच कुत्र्याला स्कॉटलंडमध्ये ‘स्लूथहाउंड’ म्हणत, आणि माझ्या मते या सगळ्या कुळातला हा सर्वांत बहारीचा शब्द आहे. ‘स्लोद’ हा नॉर्स शब्द, अर्थ: माग. मागावर असणे यातला माग, तोच. १३७५ च्या सुमारास राजा रॉबर्ट ब्रूसच्या पराक्रमांवर लिहिलेल्या स्कॉटिश काव्यात राजाच्या मागावर असा कुत्रा सोडल्याचं वर्णन आहे. राजा वाहत्या पाण्यातून चालत जाऊन वास तोडतो. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत गुप्तहेराला गमतीने स्लूथहाउंड म्हणू लागले, मग हाउंड गळून नुसता ‘स्लूथ’ उरला. आज इंग्रजी रहस्यकथांत डिटेक्टिव्हला स्लूथ म्हणतात, तेव्हा खरं तर त्याला ‘माग’ म्हणतात. कुत्रा शब्दातून निघून गेला, वास राहिला.

फॉक्सहाउंड, ऑटरहाउंड, वूल्फहाउंड यांत शोधण्यासारखं काही नाही, पहिल्या पदात सावज. फक्त एवढं ध्यानात ठेवायचं की दोन पदांमधलं नातं ठरलेलं नसतं. वूल्फहाउंड लांडग्याला मारतो, शीपडॉग मेंढ्यांना राखतो, गनडॉग बंदुकीचा बार झाल्यावर पडलेला पक्षी आणून देतो. बैलगाडी बैल ओढतात, मालगाडी माल वाहते आणि आगगाडी आगीवर चालायची. गाडीला गाडी जोडलेली पाहून एकच विग्रह सगळ्यांना लावणाऱ्या मुलाचे गुण कापतात, इथेही कापावेत. एल्कहाउंडमध्ये सापळा वेगळा आहे. तो नॉर्वेच्या ‘एल्गहुंड’चा इंग्रजी अवतार. युरोपात एल्क म्हणतात त्या प्राण्याला अमेरिकेत मूस म्हणतात, आणि अमेरिकेतला एल्क हे वेगळंच हरीण. अमेरिकी छायाचित्र लावून एल्कहाउंडची माहिती देणारी पानं म्हणूनच चुकतात. कूनहाउंडमधला ‘कून’ म्हणजे रॅकून, आणि तो शब्द युरोपातला नाही, व्हर्जिनियाच्या पाउहाटन लोकांच्या भाषेतला.

डिअरहाउंडवर मात्र मराठी वाचकाने जरा थांबावं. जुन्या इंग्रजीत ‘देओर’ म्हणजे कुठलंही जनावर, जर्मनमध्ये ‘टीअर’ आजही तसंच आहे. शिकार जास्त करून हरणांची, म्हणून शब्द आकसत हरणावर येऊन थांबला. संस्कृतात ‘मृग’ म्हणजे असंच कुठलंही रानटी जनावर: मृगेंद्र म्हणजे सिंह, शाखामृग म्हणजे माकड, आणि मृगया म्हणजे शिकार. मराठीत मृग हरणावर येऊन थांबला. हजारो मैलांवरच्या दोन भाषांत एकाच अर्थाच्या शब्दाची एकाच कारणाने एकाच जागी कोंडी झाली.

हाउंड आणि सुणें

हाउंडचीही अशीच कोंडी झालेली आहे. जुन्या इंग्रजीत ‘हुंड’ म्हणजे कुठलाही कुत्रा. ‘डॉग’चा पूर्वज ‘डॉग्गा’ त्या काळात जवळजवळ दिसतच नाही, आणि तो कुठून आला हे आजही इंग्रजी शब्दशास्त्रातलं न सुटलेलं कोडं आहे. सोळाव्या शतकापर्यंत पारडं फिरलं: डॉग सगळ्या कुत्र्यांचा झाला आणि हाउंड शिकारखान्यात बंद झाला. जर्मन, डच, डॅनिश भाषांत मात्र हुंड-होंड आजही गल्लीतल्या कुत्र्यालाही चालतो.

हुंडचा हाउंड होण्याची वाटही सरळ आहे. ‘न्ड’च्या आधीचा उ लांबला आणि मग लांब ऊचा ‘आउ’ झाला. ग्रुंडचा ग्राउंड, पुंडचा पाउंड, तसाच हुंडचा हाउंड. डाक्सहुंड इंग्रजीत आला एकोणिसाव्या शतकात, ही सगळी धावपळ संपल्यावर, म्हणून त्यात हुंड शाबूत आहे. ‘डाक्स’ म्हणजे बिज्जू जातीचा, बिळात राहणारा युरोपातला प्राणी. आखूड पाय, लांब धड हे त्याच्या बिळात शिरण्यासाठी. ठाण्या-मुंबईत सर्रास म्हणतात ते ‘डॅशहाउंड’ यात दोन्ही पदं चुकतात. मात्र डॉक्टरांकडच्या फायलीवरही तेच लिहिलेलं असतं, तेव्हा दवाखान्यात उच्चार सुधारायला जाऊ नये, कुत्र्याची नोंद सापडायची नाही.

आता हुंडच्या मागे जाऊ. जर्मानिक भाषांतला शब्दारंभीचा ‘ह’ बऱ्याचदा जुन्या ‘क’सारख्या ध्वनीचा झालेला असतो, आणि संस्कृतात त्याच ध्वनीचा ‘श’ होतो. हंड्रेड आणि शत. हॉर्न आणि शृंग, म्हणजे आपलं शिंग. त्याच नियमाने हाउंड आणि श्वन्. लॅटिन ‘कानिस’ आणि ग्रीक ‘क्युओन’ यांत तो क अजून ऐकू येतो. गुन्ह्याच्या बातमीत ‘श्वानपथकाला पाचारण करण्यात आलं’ असं छापतात, त्या श्वानाचा हाउंडशी थेट रक्ताचा संबंध आहे. ‘कुत्रा’चा नाही.

पण श्वान हा आपण संस्कृतातून उचललेला शब्द. बोलीतून झिजत आलेला वारस हवा असेल तर तो कोकणीत आहे: सुणें. संस्कृत शुनक, प्राकृत सुणह, आणि मग सुणें. जुन्या मराठीतही तो होता, पुढे कुत्र्याने त्याला हाकललं. ठाणे, डोंबिवली, वाशी इथे गोव्या-कारवारकडची घरं पुष्कळ आहेत आणि त्यांच्यात हा शब्द रोजचा आहे. तपासायचं तर टर्नरचा भारतीय-आर्य भाषांचा तौलनिक कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत आहे. त्यात संस्कृत मूळ शोधलं की खाली सगळ्या बोलींतली रूपं ओळीने मिळतात. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थचा कोशही तिथेच. कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश हाताशी असेल तर उत्तम, मात्र त्यातलं प्रत्येक मूळ टर्नरशी ताडून घ्यावं.

आपल्याकडचे हाउंड

ग्रेहाउंडच्या बांध्याचे, म्हणजे नजरेने सावज टिपून धावणारे कुत्रे आपल्याकडेही आहेत, आणि त्यांच्या इंग्रजी नावांचाही घोळ आहे. दख्खनेत या कुत्र्याला कारवान किंवा कारवानी म्हणतात. कारवान म्हणजे फारसीत तांडा, काफिला. तांड्यांबरोबर आलेला म्हणून कारवान, आणि त्याचं इंग्रजी झालं ‘कॅरव्हॅन हाउंड’. कान, शेपूट आणि पायांवर लांब केसांची झालर असलेल्याला पश्मी म्हणतात. फारसी पश्म म्हणजे लोकर, पश्मिना शालीतला तोच. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, त्यावरून ‘मुधोळ हाउंड’. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली, त्यात हेच नाव आहे. दोन्ही नावांत पहिलं पद सावज सांगत नाही, रंग सांगत नाही: एक सोबत सांगतं, दुसरं गाव. मुधोळ रंगाने करडा असला म्हणून त्याला ‘इंडियन ग्रेहाउंड’ म्हणणारे विक्रेते भेटतील, त्यांना काय उत्तर द्यायचं ते वर आलंच आहे.

व्यवहाराची बाब एवढीच की नाव कागद कुणी दिला त्यावर ठरतं. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या नोंदणीत ‘कॅरव्हॅन हाउंड’ लिहितात, इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या नोंदणीत ‘मुधोळ हाउंड’. ठाण्यात किंवा नवी मुंबईत पिल्लू घेताना आईच्या कागदावर एक आणि बापाच्या कागदावर दुसरं नाव दिसलं तर लगेच मिसळ पैदास समजू नये, आधी कागदाच्या डोक्यावर संस्थेचं नाव पाहावं. लसीकरणाचं कार्ड आणि महापालिकेचा परवाना या दोन्हींवर नोंदणीत आहे तेच स्पेलिंग उतरवावं. आणि सशामागे सोडून ‘धावतो कसा’ ते पाहण्याची हौस येऊरच्या जंगलात काय, कुठेच करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.